शेठ मोटार देतो म्हणे!

शिव शिव शिव! शेठने कामगाराला मोटार द्यायची? असं कुठं असतं का, वहिनी? आमच्या सुरतेच्या भेस्तानात, उधना आणि सचिनच्या मधे, ताप्ती लाईनच्या गाडीने खानदेशातून आलेला माणूस लूमवर उभा राहतो तो उभाच राहतो. पगार मीटरवर, आणि दिवाळीला मिठाईची पेटी. तीही अर्ध्या किलोची. कशी रीतभात होती!

आणि हे हिरेवाले बघा. सावजी ढोलकियांच्या हरिकृष्ण एक्सपोर्ट्सने 2014च्या दिवाळीला 491 मोटारी वाटल्या, वर 200 फ्लॅट. 2016 साली 1260 मोटारी! 2018 मध्ये तर पंचवीस वर्षं काढलेल्या तिघांना मर्सिडीज. हिरा घासणारा मर्सिडीजमधून उतरून पॉलिशच्या घंटीवर बसायला लागला, तर आमच्या लूमवाल्या शेठने तोंड कुठं लपवायचं?

बरं, मोटारीचं सोडा. ऑगस्ट 2024 मध्ये किरण जेम्स या दुसऱ्या हिरेकंपनीने सुमारे 50 हजार लोकांना एकदम दहा दिवसांची सुट्टी दिली. केवढी ती माया! मग कळलं, बाजारात मंदी होती, माल कमी काढायचा होता. तब्येत जपायची होती ती हिऱ्याच्या भावाची.

पण खरं लफडं जुनंच आहे, आणि तेही आपल्या मागावरचं. 1953 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. ऑटोमॅटिक मागांच्या खात्यात 224 माग, 29 माणसं, आणि कोण कुणाच्या जोडीचा याचा धड पत्ता नाही. साहेबांनी सुचवलं, छोटे गट करा. ठरावीक माग, ठरावीक माणसं, आतलं आतली माणसं बघतील. कामगारांनी काय करावं? आपले आपणच गट जमवले! वर कापड जास्त निघालं आणि खराब माल कमी झाला. ना मोटार, ना मिठाई. ऐकूनच कानाला हात लावावा!

या खुळाची साथ भेस्तानच्या शेडमध्ये शिरल्याचं अजून तरी माझ्या कानावर नाही. मला विचाराल तर शेठ लोक मोटारीला भीत नाहीत. मोटार दिली की पेपरात फोटो येतो. कारागिराला ‘तुझं काय म्हणणं?’ असं विचारलं तर मात्र तो खरंच सांगायला लागतो. मग पंखा, प्यायचं पाणी, संडास, रविवारची सुट्टी असले अश्लील विषय निघतात. चारचौघांत बोलायच्या गोष्टी आहेत का या?

सरकारलाही कारागिराला विचारायची ही चटक लागते की काय, असा जीवाला घोर होता. पण नाही. जुलै 2025 मध्ये गुजरातने वटहुकूम काढला: कारखान्यात दिवसाचे कमाल तास 9 वरून 12 करायला मुभा, आठवड्याचे मात्र 48च. लूमवर कुणी दचकलं नाही. इथं बारा तासांची पाळी वटहुकमाच्या कितीतरी आधीपासून चालते. आठवड्याची बेरीज कुणी करत नाही.