मौजे बैठकीची खोली

33 वर्षे महसूल खात्याची चाकरी करून नायब तहसीलदार या हुद्द्यावरून मी निवृत्त झालो. त्या अवधीत, हातभर बांधासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडल्याची, आणि ती फुटलेली डोकी घेऊन तेच भाऊ एकाच बैलगाडीतून कचेरीत आल्याची प्रकरणे मी इतकी हाताळली की, कोथरुडातील आपल्या तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांत तंटा उपस्थित व्हावा एवढी जागाच मुळी शिल्लक नाही, या विचाराने मला वेळोवेळी मोठे समाधान वाटत असे. चिरंजीवांनी गेल्या दिवाळीत 55 इंची टीव्ही घरी आणला आणि त्या समाधानावर जप्ती आली.

हे 55 इंच म्हणजे संचाची रुंदीही नव्हे आणि उंचीही नव्हे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी धरली असता भरणारे ते कर्णाचे माप आहे, हे मला चिरंजीवांनी समजावून सांगितले. प्रत्यक्षात संच 48 इंच रुंद व 27 इंच उंच भरला. एखाद्या तलाठ्याने शेताचे माप कर्णाने कळविले असते तर त्याच दिवशी त्याच्याकडून लेखी खुलासा मागविला गेला असता. परंतु दुकानदारांकडून तो कोण मागवितो?

ज्या भिंतीवर हा संच चढवावयाचा होता तिची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस जेवणाचे टेबल, जेथे बसून आमच्या सौभाग्यवती सायंकाळी मालिका पाहत भाजी निवडतात, पश्चिमेस मातुःश्रींच्या खोलीचे दार, ज्यातून त्यांना पलंगावर पडल्यापडल्या कीर्तन दिसावे अशी अपेक्षा, दक्षिणेस, म्हणजे भिंतीच्या पाठीमागे, स्वयंपाकघर, आणि उत्तरेस अस्मादिकांची आरामखुर्ची. भिंतीच्या पायथ्याशी चटईवर उताणा पडून क्रिकेट पाहणारा नातू हा कोणत्याच सीमेत बसत नाही. त्याची नोंद इतर हक्कांच्या रकान्यात घ्यावी. खुद्द भिंतीवर कब्जा होता तो माझ्या आजोबांच्या तसबिरीचा. आजोबा मामलेदार कचेरीत शिरस्तेदार होते, आणि डोक्यावर पगडी व चेहऱ्यावर नामंजुरी असा त्यांचा छायाचित्रातील अवतार आहे. मातुःश्रींचा हात हार घालण्यास पोचावा म्हणून ही तसबीर जेमतेम साडेचार फुटांवर टांगलेली असून तिची वहिवाट 30 वर्षांची, अखंड व निर्वेध होती.

"मामंजी आहेत तिथेच राहतील," मातुःश्रींनी पलंगावरूनच निकाल दिला. "तुमचं ते यंत्र हवं तर गॅलरीत लावा."

वास्तविक टीव्ही ही वस्तू भिंतीवर चढविण्याची आहे हीच कल्पना माझ्या पिढीला नवीन. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले, त्या सुमारास आमच्या पेठेतील वाड्यात एका बिऱ्हाडी जो संच आला त्याला लाकडाचे चार पाय होते, पडद्यापुढे सरकणारी लाकडी दारे होती, दारांना कुलूप होते, आणि त्याचा परवाना पोस्टात पैसे भरून काढावा लागे. तो संच एकदा ठेवला तो ठेवला. दिवाणखान्यात, जिन्यात, खिडकीच्या गजांबाहेर, जेथे जेथे त्याची नजर पोचे तेथे तेथे माणसे जाऊन बसत. आणि संचाने आपल्याकडे तोंड करावे असा अर्ज करण्याचे धारिष्ट्य, मालकांच्या सासूबाई धरून, कोणालाही झाले नाही.

आता काळ लोकशाहीचा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, फुल-मोशन स्टँड घेऊ. पुढे येतो, डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, मान खाली घालतो." हे वर्णन ऐकून मला आमच्या कचेरीतील एका जुन्या शिपायाची आठवण झाली, तोही याच चार हालचालींवर 28 वर्षे नोकरी करून सन्मानाने निवृत्त झाला. शिवाय संच भिंतीला चिकटून न राहता हाताच्या लांबीने पुढे येणार असल्याने, "पणजोबा मागे तिथेच राहू देत, पाहिजे तेव्हा टीव्ही ओढायचा की ते दिसतील," असा तहही चिरंजीवांनी सुचविला. मातुःश्रींनी तो कलमवार ऐकून घेतला आणि हो किंवा नाही यांपैकी काहीही न म्हणता कूस बदलली. आमच्या घरात यालाच मंजुरी म्हणतात.

संचाबरोबर कंपनीने जो स्टँड फुकट दिला होता तो हलत नव्हता, आणि कंपनीचा माणूस त्याखेरीज दुसरा कोणताही स्टँड ठोकावयास तयार नव्हता. म्हणून चिरंजीव व मी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. गल्लीतील दुकानदाराने वर न पाहताच मला विचारले, "वसा किती?" श्रावणातल्या शुक्रवारांखेरीज आमच्या घरात कोणी कसला वसा घेतलेला मला ठाऊक नव्हता, आणि तोही किती घेतला हे मोजण्याची पद्धत नाही. मी तसे सांगण्याच्या बेतात असताना चिरंजीवांनी घाईघाईने "300 बाय 300" असे उत्तर दिले. 'व्हेसा' ही पडदे बनविणाऱ्या कंपन्यांच्या एका अमेरिकी संघटनेच्या नावाची आद्याक्षरे असून, संचाच्या पाठीवरील चार भोकांमध्ये किती मिलिमीटर अंतर असावे याचा जाबता तिने घालून दिला आहे. 200 बाय 200, 300 बाय 300, 400 बाय 400. कोणत्याही देशाचा संच कोणत्याही देशाच्या स्टँडवर बसावा म्हणून केलेली ही तजवीज पाहून मला त्या संघटनेविषयी आदर वाटला. आमच्याकडे एका सर्कलची साखळी दुसऱ्या सर्कलच्या साखळीशी जुळावी एवढीदेखील सोय कित्येकदा होत नसे.

मग दुकानदाराने एक हात असलेला स्टँड दाखविला, दोन हात असलेला दाखविला, आणि खोक्यावर छापलेला 45 किलोचा आकडा बोटाने ठोकून म्हणाला, "तुमचा टीव्ही 16 किलोचा. उद्या आजोबा लटकले तरी काही होणार नाही." त्याचा आजोबा म्हणजे मी, हे ध्यानी येण्यास मला एक क्षण लागला. आम्ही एका हाताचा घेतला. दोन हातांचा दांडगट दिसत होता.

परंतु खरा प्रश्न स्टँडचा नव्हता, भिंतीचा होता, आणि तो ओळखला तो चिरंजीवांनी फोन करून बोलाविलेल्या कारागिराने. त्याने भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केले, एखाद्या वैद्याने रुग्णाच्या छातीवर करावे तसे, आणि चेहरा गंभीर केला. "चार इंची आहे, साहेब." स्टँड मिटलेला असताना संच भिंतीपासून तीन इंचांवर राहतो, तेव्हा भिंतीला काही कळत नाही. पण हात पुरता 20 इंच बाहेर ओढला म्हणजे तोच संच तरफेप्रमाणे वागू लागतो. पट्टीचे वरचे व खालचे बोल्ट 10 इंचांवर असतील तर 16 किलोचे वजन वरच्या बोल्टांना 32 किलोच्या जोराने भिंतीतून उपटू पाहते. हा हिशेब त्याने मला आमच्याच वर्तमानपत्राच्या समासात करून दाखविला. माणूस जितका पुढे पुढे करील तितका त्याचा भार मागच्यांवर पडतो हे मी नोकरीत पाहिले होते. त्याचे गणित प्रथमच पाहिले.

छिद्रे पाडताना तो यंत्राच्या टोकाकडे न पाहता खाली सांडणाऱ्या भुकटीकडे पाहत होता. लाल भुकटी आली की, "वीट आहे, चांगलं आहे," आणि करडी आली की, "सांधा लागला, इथं गिट्टी धरायची नाही." पहिली तीन छिद्रे लालच निघाली. चौथ्यास प्रथम लाल भुकटी आली, मग करडी, आणि मग काहीच येईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा जो आवाज आला तो ऐकून यंत्र आपोआप थांबले असे मला अद्याप वाटते. आम्ही धावत गेलो. भिंतीतून बोटभर लांब, तापलेले, पोलादी टोक बाहेर आले होते, आणि त्याच्या बरोबर खाली फळीवर उघडा असलेल्या पोह्यांच्या डब्यात गिलाव्याचे एक ढेकूळ, शेंगदाण्यासारखे, विराजमान झाले होते. पंचनाम्यात नुकसान पाऊण किलो.

कारागीर मात्र खचला नाही. अपघाताला योजनेचे स्वरूप देण्याची कला शासनात वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांनाच साध्य असते, ती त्याला उपजत होती. "आता चारही आरपारच घेऊ," तो म्हणाला, "पलीकडून लोखंडी पट्टी आणि नट. मग हत्ती टांगा." आणि खरोखरच अर्ध्या विटेच्या भिंतीला याहून पक्का उपाय नाही. त्या चार बोल्टांच्या टोकांवर आज स्वयंपाकघराच्या बाजूने झारा, उलथने, किसणी आणि चहाची गाळणी लटकत आहेत, आणि आमच्या घरात या सर्व उपद्व्यापापासून कोणाचा निर्विवाद लाभ झाला असेल तर तो उलथन्याचा.

उंचीचा वाद मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा पराभव झाला. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे सुमारे साडेतीन फुटांवर असावा, हे माझे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. मातुःश्रींना पलंगाच्या कठड्यावरून दिसावे म्हणून तो चार फुटांवर गेला. आरामखुर्चीतून मी आता टीव्ही पाहतो तो हनुवटी वर करून, कीर्तनात पहिल्या रांगेत बसलेल्या भाविकाप्रमाणे.

त्यानंतर पाणसळ आली. कारागिराने ती संचाच्या माथ्यावर ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन स्थिर झाला. "वाकडा आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. बुडबुडा पुन्हा पाहण्यात आला. बुडबुडा आपल्या साक्षीवर ठाम होता. "डाव्या बाजूला चढलाय," सूनबाईंनी पुरवणी जबाब दिला. मी दूर जाऊन पाहिले, आणि आश्चर्य असे की मलाही तो वाकडाच दिसला. पुष्कळ तपास केल्यावर निष्पन्न झाले ते असे की, वाकडी होती ती छताखालची तुळई. तिच्या कलतेपणाची 30 वर्षांत आम्हां सर्वांच्या डोळ्यांना इतकी सवय जडली होती की, घरात प्रथमच आलेली एक सरळ वस्तू आम्हांला सहन होईना. शेवटी कारागिराने नट सैल करून संच तुळईच्या कलाने पाव इंच तिरपा केला, सर्वांनी "आता सरळ झाला" असा एकमुखी अभिप्राय दिला, आणि त्याने पाणसळ गुपचूप पिशवीत घातली.

तो गेला आणि खरा अंमल सुरू झाला. संच जोवर एका जागी खिळलेला होता तोवर कोणाला कसे दिसते हा त्याच्या नशिबाचा भाग होता; तो वळू शकतो हे कळल्याबरोबर तो कोणाकडे वळावा हा हक्काचा प्रश्न झाला. सात वाजता तो पूर्वेस, साडेसातला पश्चिमेस, आणि मधल्या जाहिरातीत नातू पायाच्या अंगठ्याने त्याची मान खाली ओढी. मी साक्री तालुक्यात असताना पांझरेच्या काठी फड पद्धत पाहिली होती. बंधाऱ्याचे पाणी प्रत्येक फडाला ठरलेल्या पाळीने मिळते, आणि ते सोडण्याचा अधिकार शेतकऱ्याला नसून पाटकऱ्याला असतो, म्हणून तेथे कुऱ्हाडी क्वचितच निघतात. त्याच धर्तीवर मी एक पाळीपत्रक तयार करून फ्रिजवर डकविले आणि नातवाची पाटकरी म्हणून नेमणूक केली. दुसऱ्याच दिवशी पाटकऱ्याने, भारताचा सामना चालू असता, सबंध पाणी आपल्या शेतात वळविले.

त्या दुपारी पडदा खाली झुकून चटईकडे वळलेला होता. मला आरामखुर्चीतून दिसत होती ती संचाची काळी कड आणि तिच्यामागून, भिंतीवरून, पगडी घातलेले आजोबा. नेमणूक माझीच असल्याने तक्रार करण्यास जागा नव्हती. बाकीचा डाव आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहत काढला.

पुढे वायर आखूड पडली. पश्चिमेस पूर्ण वळविले की मागचा प्लग निसटे, आणि कीर्तनकार बुवा ऐन उत्तररंगात अंतर्धान पावत. लांब वायर आणण्याचे चिरंजीवांनी कबूल केले आहे. तोवर संच भिंतीला समांतर मिटून ठेवावा असा तहकुबीचा हुकूम आहे, आणि मातुःश्रींनी, आपल्याला तसेही नीट दिसत नाही, आपण ऐकतो, असे आता प्रथमच सांगितले आहे.

तरीही तो स्टँड दिवसातून एकदा, सकाळी साडेसहाला, आपले सर्व 20 इंच बाहेर येतो. मातुःश्री स्नान करून, हातात हार घेऊन भिंतीपाशी उभ्या राहतात आणि मला हाक मारतात.

"अरे, मामंजींना उघड रे."

मी संचाची कड धरून तो हलकेच ओढतो. वाड्यातल्या त्या जुन्या संचाची लाकडी दारे अशीच सरकत असत. मागून आजोबा दिसू लागतात. हार चढतो, गंध लागते, मातुःश्री डोळे मिटून काही पुटपुटतात, मग एकदा काळ्या पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहतात.

"हं," त्या म्हणतात, "लाव आता."