पहिल्या घराची सोय

पहिले घर घेणाऱ्याची खरी काळजी सरकारलाच. 2016 च्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घर किमान 25 चौरस मीटरचे, चुलीच्या जागेसकट. अनुदान सपाट भागात 1 लाख 20 हजार, दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. मुंबईत चौरस फुटाला 30 हजारांच्या भावाने पहिल्या रकमेत चार चौरस फूट येतात. उभे राहण्यास तेवढे पुष्कळ. आडवे होणे ही चैन. शिवाय वीस वर्षांच्या हप्त्यांनी झोप उडतेच, म्हणजे जागेची बचत. बालाघाटमधल्या खैरलांजीहून नागपूरला जाणारा गवंडी सर्वांत भाग्यवान: टोलेजंग इमारतीत पहिला मुक्काम त्याचा, तोही बिनहप्त्याचा. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर मात्र त्याला तेथे राहता येत नाही.