थीमची वाकळ

वाकळीसाठी आता घरपोच ‘कलेक्शन’ मिळतं. एकाच थीमचे, रंगाला रंग जुळवलेले तुकडे! म्हणजे कोरं कापड आधी कापायचं, मग तेच दाम मोजून सांधायचं. सांगोल्याची म्हातारी विचारणारच, ‘‘फाटलं न्हाई, तर शिवता कशाला?’’

तिच्या वाकळीलाही थीम असते: विरलं, उरलं ते. आत लुगडी, धोतरं. वर आहेरातले ब्लाऊजपीस. (ते शिवायचे नसतातच, पुढच्या लग्नात खपवायचे असतात.) शिवाय निवडणुकीतली उपरणी. शेकापच्या गणपतराव देशमुखांना ११ वेळा आमदार केलेल्या तालुक्यात पक्षाच्या लाल कापडाला तोटा नव्हता. अलीकडे रंग वाढलेत. धावदोऱ्याखाली सगळे पक्ष एकत्र नांदतात, आणि पाच वर्षं उसवतही नाहीत.