पाण्याचा वार

आमच्या औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईतून मेथीची जुडी घेऊन फुले पुतळ्यापर्यंत यावं, तर वाटेत तिघं तरी अंदमानला जाऊन आलेले भेटतात. त्यांच्या मोबाइलमधला राधानगरचा किनारा पाहता पाहता मेथी कोमेजते. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही निघालो. सोबत आत्या, आणि आत्यासोबत दोन डबे चकल्या.

विमान खाली येऊ लागलं तसं आत्याने खिडकीला नाक लावलं. "अगं माय! एवढं पाणी! इथं पाण्याचा वार कोणता असतो रे?"

प्रश्न रास्त होता. पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर जलाशय तुडुंब असला तरी आमचा नळ कधी गुरगुरेल, ते पंचांगातही सापडत नाही. हॉटेलात शिरताच तिने बादली, मग, चहाची किटली आणि टेबलावरचे दोन्ही पेले भरले. पेल्यांवर बशा झाकल्या. "उद्या नाही आलं तर?"

दुसरा घोटाळा सूर्याचा. अंदमान इतकं पूर्वेला, पण घड्याळ देशाचं एकच; त्यामुळे तिथे दिवाळीत पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. औरंगपुऱ्यात ही दुपारच्या झोपेनंतरच्या चहाची वेळ. सूर्यास्ताला चला म्हणून साडेतीनला दार वाजलं, तेव्हा आमच्याकडची पुरुषमंडळी घोरत होती.

सेल्युलर जेलमध्ये मात्र सगळ्यांची बडबड थांबली. 1906 साली पुऱ्या झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच उरल्यात. एका शाखेतल्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकर 1911 ते 1921 इथे होते. कोलूला जुंपलेल्या कैद्याला रोज तीस पौंड तेल गाळावं लागे. "म्हणजे साडेतेरा किलो? एका माणसानं?" आत्याने हिशेब केला आणि त्या संध्याकाळी तिने किटली भरली नाही.

बाराटांगच्या गुहा पाहायला तांबडं फुटायच्या आत निघावं लागतं. आधी गाड्यांचा ताफा, मग खारफुटीच्या बोळातून होडी, मग चिखलवाट. गुहेत छताला चुनखडीचे ओले सुळके लोंबत होते.

"कुणी कोरलं?" आत्याने विचारलं.

"कुणीच नाही. पाण्याच्या थेंबांनी झालंय."

"तरीच अर्धवट आहे. आमच्या वेरूळला बघा, चौतीस लेणी! कैलास तर कळसापासून खाली कोरत आणलाय."

शेजारच्या ठाण्याच्या काकू भारावल्या. "तुम्ही नेहमी जात असाल ना?"

"दर श्रावणात. घृष्णेश्वराला."

"आणि लेण्यांना?"

"लेण्यांना तिकीट असतं हो."