बिनकराराच्या भाडेकरूस नोटीस

प्रति,
श्री. डीओपी ऊर्फ डायइथाइलहेक्झिल थॅलेट,
मुक्काम: आमच्या सोसायटीचे सर्व २८ फ्लॅट, शिवाय वॉचमनची केबिन,
नवीन पनवेल.

महोदय,

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. बिनपगारी. आमच्याकडे भाडेकरू ठेवायचा तर नोंदणीकृत करार लागतो, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी लागते आणि फ्लॅटमालकाला सेवा शुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क पडते. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर दोन अविवाहित मुले राहायला आली, तर सर्वसाधारण सभेतला सव्वा तास त्यांच्यावरच गेला. ती बिचारी रात्री अकराला दिवा घालवून झोपत. तुम्ही आमच्या नातवंडांच्या पाळण्यापर्यंत पोचलात, पण तुमचा विषय आजवर एकाही सभेपुढे आला नाही.

म्हणून चौकशी मीच केली. तुम्ही अगदीच परके नाही हे कळल्यावर जरा बरे वाटले. तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष थॅलिक अनहायड्राइड. तो आमच्याच पनवेल तालुक्यात, तळोज्याच्या एमआयडीसीत, ऑर्थोझायलीनपासून तयार होतो. त्याची एका अल्कोहोलशी सोयरीक जमली की तुमचा जन्म. तुम्ही स्वतः कुठल्या गावी जन्मलात ते असो, मूळ गाव तळोजे म्हणायला हरकत नाही. उद्या तुम्ही भूमिपुत्राचा दाखला मागितलात तर कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे?

तुमचा धंदा मऊ करण्याचा. एरवी पीव्हीसी म्हणजे आमच्या डक्टमधला पाइप: ताठ आणि हेकट, अध्यक्षांसारखा. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन नावाचे गृहस्थ रबर धातूला चिकटवायचा डिंक शोधत होते. डिंक राहिला बाजूला, हाती आले मऊ पीव्हीसी. पुढे तुमची मंडळी या धंद्यात उतरली, आणि आज डायनिंग टेबलावरचे पारदर्शक कव्हर, सोफ्याचे रेक्झिन, खोलीभर अंथरलेली लाकडाच्या नक्षीची चटई, वायरींचे वेष्टण, मुलांचे रेनकोट, दारावरचे बारमाही हिरवे तोरण, सगळीकडे तुमची वहिवाट आहे. मऊ पीव्हीसीत वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा तुमचा असू शकतो. एवढी मोठी भागीदारी असूनही तुमचा पीव्हीसीशी रासायनिक करार म्हणून नाही! त्याच्या साखळ्यांमध्ये तुम्ही नुसते टेकलेले, पनवेल लोकलच्या चौथ्या सीटवर टेकावे तसे. अर्धे आत, अर्धे अधांतरी. गाडी जरा हलली की निसटलात.

निसटून जाता कुठे, तेही पाहिले. थोडे हवेत, पुष्कळसे धुळीत, उरलेले भिंतींवर आणि आमच्या कातडीवर. मे महिन्यात फरशी तापली की तुमचा पाय जास्तच घराबाहेर पडतो. रांगणारे मूल धुळीतला हात तोंडात घालते, आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा तुमचा पाहुणचार त्यालाच अधिक घडतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडनमधल्या मुलांच्या झोपायच्या खोल्यांतली धूळ तपासली होती, तेव्हा दमा आणि त्वचेच्या ॲलर्जीशी तुमच्या घराण्याचा संबंध दिसला. उंदरांच्या नर पिल्लांची जननेंद्रिये तुमच्यामुळे नीट वाढत नाहीत, हे तर प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. संबंध म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे, हे मला मान्य. एकदा पोटात आलात की एकदोन दिवसांत लघवीवाटे बरेचसे निघून जाता, हेही नोंदवतो. सेक्रेटरीने पक्षपात करू नये. शिवाय मोठ्यांच्या पोटात तुम्ही मुख्यतः जेवणातून येता. पण तुमचे जाणे म्हणजे आमच्या जावयासारखे. सकाळी निरोप द्यावा, तर संध्याकाळी बॅग घेऊन दारात.

खरा प्रश्न तक्रारीचा आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला कासाडी नदीच्या आसपास कुत्री निळी झाली. फोटो जगभर गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करायला लावला. आमच्याकडे रात्री वास आला की व्हॉट्सॲपवर एका मिनिटात चाळीस निरोप. तुम्हाला रंग नाही, वासही नसल्यात जमा. नव्या चटईचा तो भपकारा बहुतेक दुसऱ्याच कोणाचा असतो. तुम्ही एखादे मांजर जरी जांभळे केले असतेत, तरी मला अर्ज करायला कागद झाला असता.

आणि आमची अक्कल पाहा. तळोज्याचा वास नको, हायवेची धूळ नको, म्हणून आम्ही स्लायडिंग खिडक्या गच्च लावून घेतो, एसी सुरू करतो आणि बाहेरच्या प्रदूषणातून सुटलो म्हणून तुमच्यासोबत निवांत बसतो. वर हवा शुद्ध व्हावी म्हणून अगरबत्ती लावतो. तिच्या सुगंधात तुमचे धाकटे भाऊ डीईपी विरघळवायच्या कामाला असतात. घरचेच झाले सगळे.

कायदा तुम्हाला ओळखतच नाही असे नाही. युरोपने जुलै २०२० पासून तुम्हाला आणि तुमच्या तिघा भावांना घरगुती वापराच्या बहुतेक वस्तूंत ०.१ टक्क्यावर आणून बसवले. आपल्याकडे जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा, आणि खेळण्यांच्या मानकात थॅलेटचीही दखल आहे. पण बाहुलीची झडती घेतली तरी ती ज्या चटईवर बसते तिला कोणी हटकलेले मी पाहिलेले नाही. मी दुकानदाराला विचारले, "यात डीओपी आहे का?" तो म्हणाला, "काका, वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त घ्या." आता तुमच्या जागी डीओटीपी नावाचे चुलतभाऊ येऊ लागलेत. स्वभावाने बरे आहेत म्हणतात. आडनाव ऐकून मी अजून एनओसी दिलेली नाही.

या सगळ्या कारभारात तुमच्यावर प्रत्यक्ष कारवाई करणारी अधिकारी एकच: आमच्याकडे लादी पुसायला येणारी बाई. सुक्या झाडूने तुम्ही नुसते उडता, तिच्या ओल्या फडक्याने मात्र धुळीसकट बादलीत जाता. तिने महिन्याला शंभर रुपये वाढवून मागितले, तेव्हा याच सोसायटीने "परवडत नाही" म्हणून तिला दोन महिने टोलवले. त्याच दोन महिन्यांत समितीने लॉबीत व्हिनाइल फ्लोअरिंग बसवून घेतले. ठरावावर सही माझीच आहे.

तरी या नोटिशीपासून १५ दिवसांत आपण हजर होऊन वास्तव्याचा पुरावा सादर करावा. पुरावा म्हणून आमच्यापैकी कोणाच्याही लघवीचा नमुना चालेल.

आपला,
मानद सेक्रेटरी

ता. क. नोटीस बोर्डावर पावसाची झड येते, म्हणून हे पत्र प्लास्टिकच्या कव्हरात घालून लावले आहे. कव्हर चांगले मऊ आहे, म्हणजे नोटीस तुम्हाला बजावली गेली असे धरतो.