वाळ्याची वकिली

औंढ्याला साक्षात नागनाथ नांदत असल्यामुळे हिंगोली जिल्ह्यात सापांना बरे दिवस असावेत, असा कुणाचाही समज होईल. आहेतही, पण ते फणेवाल्यांना. पावसाळ्यात मोरीच्या जाळीतून वितीपेक्षाही आखूड, काळपट, चकचकीत वाळा वर आला की त्याच्या नशिबी चप्पलच. आरोप ठरलेला: नागाचं पिल्लू! वास्तविक नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच पूर्ण वाढलेल्या वाळ्याहून लांब, आणि निघाल्या निघाल्या फणा काढतं. वाळ्याला फणा सोडा, धड मानही दिसत नाही. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. विष नाही, आणि तोंड मुंग्या-वाळवीची अंडी-अळ्या मावतील एवढंच. तो कानात शिरतो, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. पण जिथे खायला मिळतं तिथे तो जातो, आणि कानात वाळवी लागल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

उरला सूड. एकाला मारलं की जोडीदार डूख धरतो, हे सिनेमानं आपल्याला पटवून दिलंय. इथे पंचाईत अशी, की या जातीत सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात. सूड घ्यायला नवरा आणायचा कुठून? एकटी मादी कुंडीतल्या मातीबरोबर गेली तरी नवा वंश सुरू होतो. अशाच कुंड्यांतून ही मंडळी हवाई आणि फ्लोरिडापर्यंत पोचली. आपल्याकडे मात्र त्यांना मोरी ओलांडता येत नाही.

‘निरुपद्रवी असेल, पण उपयोग काय?’ असा व्यवहारी प्रश्न येतोच. वसमतची हळद वाळ्यानं वाचवली, असा दावा मी करणार नाही. एवढ्याशा पोटात वाळवी ती किती मावणार? पण उपयोग हीच जगण्याची अट ठेवली, तर गावोगावच्या पारावर बरीच जागा रिकामी होईल. शिवाय नागपंचमीला आपण नांगर धरत नाही, जमीन खणत नाही. नाग असतो उंदराच्या बिळात नाहीतर वारुळात. फाळ-कुदळीच्या टप्प्यात राहणारा खरा वाळाच. म्हणजे दूध-लाह्या नागाला आणि अभय वाळ्याला, ही सोय आधीच झालेली आहे. ती फक्त एका दिवसापुरती ठेवू नका. वाळा दिसला तर कागदावर घेऊन ओल्या मातीत सोडा, आणि ओळख पटत नसेल तर हात न लावता सर्पमित्राला बोलवा.