चिपीचे हवाई अंतर: मोजण्याची शास्त्रोक्त पद्धत

चतुर्थी जवळ आली की मुंबईतल्या चाकरमान्याला सिंधुदुर्गातली विमानतळाची चिपी नेमकी किती लांब, हा प्रश्न पडतो. उत्तर ऐकीव माहितीवर देऊ नये, गणिताने काढावे.

मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९, चिपीचा १६. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की दक्षिणेकडचे ३४३ किलोमीटर झाले. चिपी जराशी पूर्वेलाही आहे, तेव्हा पायथागोरसला तसदी द्यावी. उत्तर ३५०च्या आसपास येते. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या पल्ल्याला पृथ्वीचा गोलावा धरावा लागतो. चिपीपुरती ती सपाट मानावी. वाडीत कोणी हरकत घेणार नाही.

आता वेळ. ९ ऑक्टोबर २०२१ला चिपीचा विमानतळ सुरू झाला तो पंख्याच्या एटीआर विमानाने. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे प्रवास ४२ मिनिटांचा. हा आकडा पाहुण्यांना सांगू नये. वेळापत्रकात जवळजवळ दीड तास लिहितात, कारण विमानाला रांगेत उभे राहणे, चढणे, उतरणे ही जमिनीवरच्या माणसांसारखीच कामे असतात. त्यात डोंबिवली ते विमानतळ मिळवावे. पुढे चिपी वेंगुर्ले तालुक्यात आणि चाकरमान्याचे मालवण कर्ली खाडीपलीकडे. सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर, पण रस्त्याला सरळ रेषा ठाऊक नाही.

या बेरजेला शेवटी एका गुणकाने गुणावे: आज विमान आहे का? त्याची किंमत एक किंवा शून्य. पावसाळ्यात ढग खाली उतरले की ती शून्याकडे झुकते, आणि सेवाच बंद असेल तर आकाश निरभ्र असूनही शून्यच.

शून्य आल्यास दोन उपाय. रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी कुडाळला उतरावे. तिकीट मिळाले तर, हे वेगळे सांगायला नको. किंवा मोपाचा विमानतळ. तिथली विमाने ५ जानेवारी २०२३पासून सुरू झाली. मात्र मोपा गोव्यात, सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला. म्हणजे आधी मालवण मागे टाकायचे, मग हद्द ओलांडून उलटे यायचे. हे अंतर कोष्टकात ऋण चिन्हाने लिहावे.

परतीचा हिशेब किलोमीटरमध्ये नव्हे, किलोत करतात. सामानाची मर्यादा साधारण पंधरा किलो. आवस तांदूळ, काजू, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या बांधून ‘ह्या काय जड नाय’ म्हणते. आगळ हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत घालावे आणि झाकण दोनदा तपासावे. सुके खोबरे मात्र तेलकट, म्हणून ज्वालाग्राही समजून नाकारतात. ज्या घरात त्याच्याशिवाय वाटप होत नाही, तिथे हे आवशीला पटवायला लागणारा वेळ कुठल्याही वेळापत्रकात नसतो. तो आदल्या संध्याकाळपासून धरावा.